फोटोतले पक्षी पेंग्विन नाहीत, आणि झाडंही तिथे आहेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत स्वालबार्डवर पानभर लेख आला होता, उत्तर ध्रुवाच्या वाटेवरची ती नॉर्वेची बेटं, तो मी दोनदा वाचला. लेख तसा बरा होता, लिहिणाऱ्याने मेहनत घेतलीय हे कळतं, पण दोन गोष्टी इतक्या खटकल्या की चार दिवस गप्प बसून शेवटी आज लिहायला घेतलंच. एक म्हणजे कड्यावर दाटीवाटीने उभ्या असलेल्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांच्या फोटोखाली "पेंग्विनची वसाहत" असं छापलंय. आणि दुसरं म्हणजे लेखातलं ते वाक्य, की इथे बारा महिने पांढरं वाळवंट असतं आणि झाड म्हणून औषधालाही सापडत नाही.

पहिलं आधी निकालात काढते. पेंग्विन दक्षिणेकडचे, आर्क्टिकमध्ये रानातला एकही पेंग्विन नाही, हे शाळेतली पोरंही सांगतील. गंमत म्हणजे तुमचा फोटो अगदी बरोबर आहे, चुकलंय ते फक्त खालचं नाव. ते ब्रुनिच गिलेमॉट आहेत. उभं राहायची ढब, काळी पाठ, पांढरं पोट, सगळं पेंग्विनसारखंच त्यामुळे गल्लत होणं मी समजू शकते, पण हा पक्षी उडतो. म्हणजे कसाबसा उडतो, पंख इतके आखूड की सारखी फडफड करत राहावी लागते, उडायला सगळ्यात जास्त ताकद ज्यांना खर्चावी लागते त्यात याचा नंबर अगदी वर आहे, कारण ते पंख खरे कामाला येतात पाण्याखाली. शंभर मीटरच्याही खाली बुडी मारतो हा, आणि वजन किती तर जेमतेम एक किलो. असो, त्याच्या पिल्लाची गोष्ट सांगितल्याशिवाय मी हे पत्र संपवणार नाहीये, पण ती नंतर.

झाडाचं मात्र मनाला लागलं, कारण मी स्वतः त्या झाडावर पाय दिलाय. शब्दशः. दोन वर्षांपूर्वी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही एका छोट्या बोटीने त्या बेटांभोवती फिरलो, रोज एक-दोनदा रबरी होडीतून किनाऱ्यावर उतरायचं आणि बंदूकवाल्या गाईडच्या मागे चालायचं असा तो कार्यक्रम होता. उतरल्यावर तीन ग्रुप करायचे, डोंगर चढणारे, मध्यम चालणारे आणि गुडघेवाले. मी गुडघेवाल्यांत. पहिल्या दिवशी वाईट वाटलं, वरच्या ग्रुपचे लाल जॅकेटं टेकडीवर चढताना बघत बसले, पण तिसऱ्या दिवसापासून मी गुडघ्यांचे आभार मानायला लागले, कारण वर गेलेल्यांनी डोंगर बघितले आणि आम्ही जमीन बघितली.

आमची गाईड पोरगी, पंचविशीची असेल, ती दहा पावलं चालायची आणि चक्क पोटावर आडवी पडायची. खिशातलं भिंग काढायची. तिने मला हाक मारली आणि म्हणाली बूट उचला, बुटाखाली बघा. शेवाळात करंगळीच्या नखाएवढी गोल चकचकीत हिरवी पानं होती, दोन-दोन तीन-तीन, मला वाटलं काहीतरी गवताचं पिल्लू असेल. ते पोलर विलो होतं, वाळुंजाच्या कुळातलं झाड, खरंखुरं लाकडाचं. खोड आणि फांद्या शेवाळाच्या आत आडव्या पसरलेल्या, वर येतात ती फक्त पानं आणि कणसासारखे तुरे, नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. तिने एका ठिकाणी शेवाळ बोटाने अलगद बाजूला केलं आणि आत पेन्सिलीपेक्षाही बारीक काळपट फांदी दाखवली. अशी बारीक फांदी कित्येक वर्षांची असू शकते, आत मोठ्या झाडासारखी वर्षावर्षाची वलयं असतात, फक्त ती मोजायला मायक्रोस्कोप लागतो. तिने शेवाळ परत होतं तसं थोपटून लावलं आणि पुढे गेली, मी मात्र तिथेच, की आता दुसरा पाय ठेवू कुठे.

वर वाढायचं नाहीच, हा तिथला साधा हिशोब आहे. हातभर वर गेलं की वारा आणि थंडी, जमिनीला चिकटून राहिलं की ऊन लागून तापलेल्या मातीची ऊब. मॉस कॅम्पियन नावाचं एक रोप आहे, ते तर अक्षरशः उशीसारखं फुगीर गोल असतं, वर बारीक गुलाबी फुलं टाचण्यांसारखी टोचलेली, आणि त्या उशीच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा बरंच गरम असतं. त्याची दक्षिणेकडची बाजू आधी फुलते म्हणून त्याला होकायंत्र म्हणतात. मी एका उशीवर खरंच ते बघितलं, एक अंग गुलाबी आणि दुसरं अजून हिरवं.

आता वाळवंट हा शब्द. तो चूक नाही, मान्य, पाऊस आणि बर्फ मिळून तिथे वर्षाला साधारण २०० मिलीमीटर पडतं, म्हणजे काहीच नाही. पण आमचे गमबूट रोज घोट्यापर्यंत चिखलात रुतत होते. कारण जमीन खाली कायमची गोठलेली असते, उन्हाळ्यात वरचा मीटरभर थर काय तो वितळतो, आणि वितळलेलं पाणी खाली मुरू शकत नाही, तर वरच्या वर साचतं. त्या वरच्या थराच्या जिवावर सगळा पसारा चाललेला. तिथे तळी आहेत, दलदल आहे, कापसाच्या बोंडासारखी पांढरी डोकी हलवणारं कॉटनग्रास आहे, आणि हो, डास पण आहेत! मी घरून डासांचं मलम नेलं नव्हतं, कोण नेईल.

आणि बारा महिने पांढरं? लाँगइयरबिएन हे तिथलं मुख्य गाव ७८ अंशांवर आहे, तिथे साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही. जुलैतलं सरासरी तापमान सहा-सात अंश, म्हणजे थंडी आहेच, पण चोवीस तास ऊन. खालच्या भागातलं बर्फ जूनमध्ये जातं आणि ऑगस्टच्या शेवटी परत भुरभुर सुरू होते, मग फुलायचं, परागण व्हायचं, बी धरायचं, अंडी घालायची, पिल्लं वाढवायची आणि निघून जायचं हे सगळं त्या दोन-अडीच महिन्यांत उरकायचं. उरलेलं बर्फसुद्धा पांढरंच असेल असं नाही, एका उतारावर कलिंगडाच्या रसाचे ओघळ आल्यासारखे गुलाबी पट्टे होते, मला वाटलं कुठल्यातरी प्राण्याने शिकार केलीय, तर ते बर्फावर वाढणारं सूक्ष्म शेवाळ निघालं.

एक गोष्ट मी आयुष्यात विसरणार नाही. वितळत आलेल्या बर्फाचा एक तुकडा उताराच्या सावलीत राहिला होता, आणि गाईडने आम्हाला त्या बर्फाच्या कडेपासून बाहेरच्या दिशेने चालायला लावलं, वीसेक पावलं, बस. बर्फाला लागून नुसती ओली तपकिरी माती. त्याच्या पुढे दोन पावलांवर जांभळी सॅक्सिफ्राज नुकती उमलत होती, ही तिथली सगळ्यात आधी फुलणारी, तिच्या कळ्या आदल्या वर्षीच तयार होऊन बर्फाखाली झोपलेल्या असतात त्यामुळे बर्फ गेलं की काही दिवसांत फूल. आणखी पाच-सहा पावलांवर तीच सॅक्सिफ्राज सुकून बी धरून बसलेली. टोकाला विलोची पानं कडेने पिवळी पडायला लागलेली. जून ते ऑगस्ट असा अख्खा उन्हाळा वीस पावलांत आडवा पसरला होता, आणि जे झाड बर्फाच्या कडेला आहे त्याला बिचाऱ्याला यंदा बी धरायला वेळ मिळेल की नाही याची खात्री नाही. म्हणून तिथे जवळपास सगळीच झाडं अनेक वर्षं जगणारी, एका वर्षात उगवून बी टाकून मरण्याची चैन कोणाला परवडत नाही. तसलं अख्ख्या बेटांवर जवळपास एकच आहे, कोएनिगिया नावाचं, आणि ते इतकं चिमुकलं की मला भिंगातूनही नीट दिसलं नाही, दिसलं म्हणून मान डोलावली झालं.

काही जण तर बीच्या भानगडीतच पडत नाहीत. बिस्टॉर्टा नावाची एक काडी असते, वर दोन-चार पांढरी फुलं आणि खाली देठाला लालसर दाण्यांसारखे बारीक कंद, ते गळून पडले की तिथेच नवीन रोप. फूल आपलं असावं म्हणून, भरवसा कंदावर.

आता पॉपी. खसखशीच्या कुळातलं फूल, पिवळंही असतं आणि पांढरंही, वाटीसारखं, केसाळ देठावर. स्वालबार्डचं मानाचं फूल तेच. ते दिवसभर सूर्याकडे तोंड वळवत राहतं हे मी वाचलं होतं पण खरं वाटत नव्हतं, म्हणून लाँगइयरबिएनला हॉटेलच्या मागच्या उतारावरचं एक फूल मी हेरून ठेवलं, शेजारी ओळखीचा दगड होता. दुपारी बघितलं तेव्हा दक्षिणेकडे, जेवणानंतर गेले तर पश्चिमेकडे झुकलेलं. मग रात्री एक वाजता, झोप तशीही येतच नव्हती, स्वेटरवर जॅकेट चढवून परत गेले. त्या वेळी सूर्य बरोब्बर उत्तरेला असतो, आणि ते फूल उत्तरेकडे तोंड करून उभं, आणि वाटीच्या तळाशी एक माशी बसलेली, काही न करता नुसती बसलेली. ती शेकत होती. त्या वाटीत ऊन गोळा होतं आणि आत काही अंशांनी जास्त गरम असतं, पांढऱ्या ड्रायसच्या फुलाचंही तसंच. माशीला ऊब मिळते, फुलाला परागण मिळतं. स्वालबार्डमध्ये भुंगे नाहीत म्हटलं तरी चालेल, हे सगळं काम माश्यांचं, ज्यांना आपण हाकलतो त्यांचं.

भुंगे बघायचे तर पलीकडे कॅनडाच्या एल्समीर बेटावर. तिथे गलेलठ्ठ केसाळ ध्रुवीय भुंगे आहेत, राणी अंगाचे स्नायू थरथरवून स्वतःला तापवते मगच उडते. आणि त्याच बेटावर एक केसाळ सुरवंट आहे ज्याचं मला भयंकर कौतुक वाटतं, तो वर्षातले काही आठवडे विलोची पानं खातो, त्यातही बराच वेळ नुसता उन्हात पडून राहतो कारण अंग तापल्याशिवाय खाल्लेलं पचत नाही, मग परत गोठून जातो, खराखुरा गोठतो, दगड होतो, पुढच्या उन्हाळ्यात परत वितळून तिथून पुढे खायला सुरुवात. असं करत करत पतंग व्हायला त्याला साधारण सात वर्षं लागतात. आणि पतंग झाल्यावर हातात फक्त काही दिवस.

बोटीवर एक गृहस्थ होते, नाव कशाला, ते पाचव्या दिवसापर्यंत पोलर बेअर दिसलं नाही म्हणून पैसे परत मागायच्या तयारीत होते. त्यांना मी सुरवंटाचं सांगितलं तर माझ्याकडे असे बघायला लागले की जाऊ द्या.

पक्ष्यांवर येते. आल्केफ्येलेट नावाचा एक कडा आहे, काळ्या दगडाचे सरळसोट खांब समुद्रातून वर गेलेले, आणि त्यावर गिलेमॉटच्या सुमारे ६०,००० जोड्या. आधी वास येतो, मग आवाज, आणि मग धुक्यातून तो कडा. घरटं नाहीच, हातभर कंगोऱ्यावर उघड्या दगडावर एकच अंडं, एका बाजूला निमुळतं. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं, अजून उडता येत नाही, पंख नावालाच, की संध्याकाळच्या सुमारास बाप खाली समुद्रात जाऊन बसतो आणि हाका मारतो, आणि ते पिल्लू शेकडो फुटांवरून खाली उडी टाकतं. आम्ही होडीत मान वर करून बसलो होतो, तर एक करडा गोळा पाय फेंदारून, पंख फडफडवत तिरका खाली आला आणि आमच्यापासून थोड्या अंतरावर पाण्यात आपटला. दोन सेकंद काही नाही. मग वर आलं आणि जे काही ओरडायला लागलं! बाप पोहत आला, चोचीने चोच लावली, आणि दोघं भर समुद्राकडे निघाले, आई मागे कड्यावरच. पुढचे काही आठवडे पिल्लाला सांभाळणं, मासे धरायला शिकवणं सगळं बापाकडे. प्रत्येक उडी अशी सुखरूप होत नाही, वर मोठे ग्लॉकस गल पक्षी घिरट्या घालत असतात, आणि जिथे कड्याखाली पाण्याऐवजी जमीन आहे तिथे पिल्लाला चालत समुद्र गाठावा लागतो आणि वाटेत कोल्हा असतो.

ध्रुवीय कोल्हा उन्हाळ्यात पांढरा नसतो बरं का, तपकिरी असतो, फाटक्या घोंगडीसारखा दिसतो. पण त्याची बीळं बघायची तर अशा कड्यांच्या खाली बघा, कारण तिथेच अन्न आणि तिथेच हिरवळ. ही हिरवळ म्हणजे या सगळ्या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता भाग. पक्षी समुद्रात खातात आणि कड्यावर घाण करतात, ते खत पावसाने खाली उतरतं आणि कड्याखाली पोपटी रंगाचं इतकं जाड शेवाळ वाढतं की गादीवर चालल्यासारखं वाटतं, त्यात स्कर्व्ही ग्रास नावाची मांसल पानांची वनस्पती, जुने व्हेलशिकारी ती खाऊन स्कर्व्हीपासून, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणाऱ्या रोगापासून वाचायचे. दुरून होडीतून बघितलं तरी कळतं, जिथे हिरवा पट्टा तिथे वर पक्षी. लिटल ऑक नावाचा मूठभर पक्षी, वजन १६० ग्रॅमच्या आसपास, त्यांचे थवेच्या थवे दगडांच्या राशीत घरटी करतात आणि वेड्यासारखे हसल्याचा आवाज करतात, त्या एकेका पक्ष्याला पिल्लं वाढवण्याच्या दिवसांत दिवसाला सुमारे ६०,००० बारीक समुद्री किडे लागतात, कोपेपॉड म्हणतात त्यांना, तांदळाच्या दाण्याहून लहान. म्हणजे त्या डोंगराची हिरवळ समुद्रातून किड्याकिड्याने वर आणलेली आहे.

जुन्या व्हेलच्या हाडांभोवती पण तसंच. सतराव्या शतकात डच आणि इंग्रजांनी तिथे व्हेलची कत्तल केली, हाडं किनाऱ्यावर टाकून गेले, ती अजून आहेत, आणि प्रत्येक बरगडीभोवती हातभर रुंद हिरवी किनार. तीनशे-चारशे वर्षांनी अजून त्या हाडातून खत झिरपतंय. १९४६ च्या आधीच्या माणसाच्या खुणांना तिथे हात लावायचा नाही असा कायदा आहे, त्यामुळे हाडसुद्धा उचलायचं नाही, आणि फूल तोडणं तर दूरच.

सुरय पक्ष्याने मला मारलं ते पण सांगते. आर्क्टिक टर्न, सुरय कुळातला, वजन शंभरेक ग्रॅम, उन्हाळा आर्क्टिकमध्ये काढतो आणि मग दुसरा उन्हाळा गाठायला अंटार्क्टिकाला जातो, ग्रीनलंडहून निघालेल्या पक्ष्यांवर यंत्रं बसवून बघितलं तर वर्षाला सरासरी ७०,००० किलोमीटरच्या वर प्रवास निघाला. एवढा लांबून आलेला पक्षी साहजिकच चिडका असतो. रस्त्याच्या कडेला खडीत अंडी घालतो आणि कोणी जवळ गेलं की सरळ डोक्यावर चोच. उपाय एकच, काठी डोक्याच्या वर धरायची, तो सगळ्यात उंच टोकावर हल्ला करतो. मी हात वर करायला विसरले. टोपीतूनसुद्धा चांगलं लागलं.

हे झालं न्यू-ओलेसुंडला, ७९ अंशांच्या किंचित खाली, जुनं कोळशाच्या खाणीचं गाव, आता फक्त संशोधकांचं. आपलं हिमाद्री केंद्र तिथेच आहे, १ जुलै २००८ ला सुरू झालेलं, तुमच्या लेखात त्याचा उल्लेख होता तो वाचून बरं वाटलं. गावात रेडिओलहरींची बंदी असते म्हणून फोन फ्लाइट मोडवर, आणि रस्ता सोडून पाय टाकायचा नाही कारण रस्त्याबाहेर एक तर कोणाची तरी अंडी असतात नाहीतर फुलं. बार्नॅकल गूज नावाचे कलहंस पिल्लांची रांग घेऊन घरांमधून असे फिरतात जसे काही तेच भाडं भरतात. स्वालबार्डचे हे हंस १९४० च्या दशकात जेमतेम ३०० उरले होते, संरक्षण मिळालं आणि पुढे काही दशकांत हजारोंच्या घरात गेले. लाँगइयरबिएनला तर आयडर बदकं चक्क साखळीला बांधलेल्या स्लेजच्या कुत्र्यांशेजारी घरटी करतात, कुत्रे भुंकतात म्हणून कोल्हा येत नाही! मी गेले तेव्हा सीझन संपून घरटी रिकामी होती, खळग्यात नुसती पिसं.

रेनडिअरबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात त्या ठीक आहेत, फक्त ते नाताळच्या कार्डावरच्यासारखे नसतात एवढं सांगते, आखूड पायांचे, गोल गोटे. बेटांवर २२,००० च्या आसपास आहेत, १९२५ पासून संरक्षित. उन्हाळ्यात त्यांना दिवस-रात्र असं काही नसतं, खायचं, रवंथ करायचा, परत खायचं, शरद येईपर्यंत पाठीवर दहा सेंटीमीटरपर्यंत चरबी. वॉलरसही दिसले, वाळूवर एकमेकांवर लोळत पडलेले, शिकारीने जवळपास संपले होते, १९५२ ला शिकारबंदी झाली आणि हळूहळू परत आले. वास मात्र विचारू नका.

हे सगळं हिरवंगार ऐकून कोणाला वाटेल की मग गरम होतंय ते बरंच आहे की. माझ्याही मनात आलं होतं, गाईडला विचारलं तर ती चिडली नाही पण गप्प झाली. लाँगइयरबिएनला २५ जुलै २०२० ला २१.७ अंश तापमान नोंदवलं गेलं, तिथला विक्रम. उन्हाळ्यात चारा वाढतो हे खरं, पण हिवाळ्यात बर्फाऐवजी पाऊस पडतो, तो जमिनीवर गोठतो आणि चारा काचेखाली बंद, रेनडिअर उपाशी मरतात. लिटल ऑकला लागतात ते थंड पाण्यातले मोठे चरबीवाले कोपेपॉड, गरम पाण्याबरोबर येतात ते लहान आणि सुके. आणि ते बेअर, ज्याच्यासाठी सगळे जातात, त्याला सील पकडायला समुद्रातलं बर्फ लागतं, ते लवकर गेलं की तो किनाऱ्यावर येऊन आयडरची आणि हंसांची अंडी खात सुटतो, एकदा बेटावर शिरला की वसाहत साफ. २०२० मध्ये स्वालबार्डच्याच हॉर्नसुंड खाडीत एका बेअर मादीने रेनडिअरला पाण्यात गाठून मारल्याचं तिथल्या पोलिश संशोधन केंद्रातल्या लोकांनी चित्रित केलंय. आम्हालाही सहाव्या दिवशी दिसलं एक, लांबवर, उतारावर हिरवळीत डोकं खुपसून काहीतरी हुंगत चाललेलं. पैसे परत मागणारे गृहस्थ खूश झाले. तेव्हा आमची बोट लांबच राहिली आणि आता तर नियमच झालाय, २०२५ पासून किमान ३०० मीटर अंतर ठेवायचं, मार्च ते जून ५०० मीटर, आणि संरक्षित भागात २०० पेक्षा जास्त प्रवाशांच्या बोटींना मज्जाव. चांगलं केलं.

बुटांचं राहिलंच. प्रत्येक उतरण्याआधी आणि नंतर आम्हाला बूट ब्रशने घासून औषधाच्या पाण्यात बुडवावे लागायचे, लोक कंटाळायचे, मीही कुरकुर केली. मग कळलं की तिथे येणाऱ्या प्रवाशांचे बूट तपासून बघितले तर माणशी सरासरी चार बिया निघाल्या होत्या, आणि त्यातल्या पाव भाग तिथल्या थंडीतही उगवल्या. बॅरेन्ट्सबर्ग या रशियन खाणगावात जुन्या गुरांच्या गोठ्याभोवती बाहेरून आलेलं तण आजही आहे. जगातल्या पिकांच्या बिया तिथल्या डोंगरातल्या तिजोरीत जपून ठेवल्यात हे सगळ्यांना माहीत असतं, तुमच्या लेखातही त्याचा अर्धा रकाना होता, आणि त्या तिजोरीच्या उतारावर उघड्यावर जे उगवतं त्याबद्दल एक ओळ नाही. चार बोटं उंचीचं असलं म्हणून काय झालं.

तेव्हा विनंती एवढीच की फोटोखालची दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी, ब्रुनिच गिलेमॉट असं. आणि तो फोटो परत वापरणार असाल तर पूर्ण वापरा. पुरवणीत खालची कडा जिथे कापलीय तिथे डाव्या कोपऱ्यात बोटभर पोपटी पट्टी दिसतेय, मी भिंग लावून बघितलं. त्याच्या खालीच सगळं शेवाळ असणार, आणि नशीब असेल तर कोल्ह्याचं बीळ.

कळावे,
आपली जुनी वाचक